फ्रिजसोबत काय घ्यावे, काय दुकानातच ठेवावे: गोव्याच्या उन्हाळ्यासाठी परीक्षण

मार्च संपत आला की म्हापसा, फोंडा, मडगाव इथल्या दुकानांत फ्रिजच्या बिलाखाली चार ओळी वाढतात: स्टॅबिलायझर, चाकांचा स्टँड, कव्हर, कप्प्यांत अंथरायच्या मॅट. जुना फ्रिज असणाऱ्यांसाठी वेगळी यादी असते. तिच्यात ‘उन्हाळ्याआधीची सर्व्हिसिंग’ येते, ‘गॅस टॉप-अप’ येतो आणि वर्षाचा मेंटेनन्स कॉन्ट्रॅक्ट येतो. फ्रिज कोणता घ्यावा यावर भरपूर लिहिले गेले आहे. हे परीक्षण त्याच्या भोवती विकल्या जाणाऱ्या वस्तूंचे आणि सेवांचे आहे.

आधी हवेचे बोलू, कारण बहुतेक सल्ले कोरड्या गरमीच्या हिशेबाने दिलेले असतात. गोव्यात एप्रिल-मेमध्ये पारा ३३-३५ अंशांच्या पुढे फारसा जात नाही. छळतो तो दमटपणा. ३३ अंश तापमान आणि ७५ टक्के आर्द्रता असलेल्या एक घनमीटर हवेत सुमारे २७ ग्रॅम वाफ असते. नागपूरच्या ४३ अंशांच्या दुपारी आर्द्रता १५ टक्क्यांवर आली असेल, तर तेवढ्याच हवेत जेमतेम ९ ग्रॅम. फ्रिजच्या ४ अंशांच्या कप्प्यातली हवा ६ ग्रॅमच्या आसपासच वाफ धरू शकते. उरलेली पाणी किंवा बर्फ होऊन आतच राहते. दार उघडले की थंड हवा खालून बाहेर सांडते आणि तिच्या जागी ही ओली हवा शिरते. २०० लिटर हवा पूर्ण बदलली तर एका खेपेला ४ ग्रॅम पाणी, आणि दिवसात तीस वेळा दार उघडणाऱ्या घरात शंभर-सव्वाशे ग्रॅम. आतले सामान जागा अडवते म्हणून प्रत्यक्षात आकडा कमी येतो, पण नागपूरच्या फ्रिजपेक्षा गोव्यातला फ्रिज बर्फाशी जास्त झगडतो हे खरेच. त्यात किनाऱ्याकडच्या तालुक्यांत खारा वारा आणि जुन्या वाड्यांवर संध्याकाळी खाली बसणारा व्होल्टेज. या तिघांपैकी एकालाही जी वस्तू अडवत नाही, ती उन्हाळ्यासाठी घेण्यात अर्थ नाही.

थर्मामीटर: सगळ्यात स्वस्त, सगळ्यात आधी

दोन-तीनशे रुपयांत मिळणारा फ्रिजचा थर्मामीटर दुकानदार स्वतःहून कधी दाखवत नाही, मागावा लागतो. दर्शनी भागावर डिजिटल आकडे असलेल्या फ्रिजलाही तो लागतो, कारण बऱ्याच मॉडेलांत तो आकडा तुम्ही लावलेले तापमान दाखवतो, आतले खरे तापमान नव्हे.

नुसता कप्प्यात ठेवून लगेच वाचला तर तो हवेचे तापमान सांगेल आणि दार उघडताच काटा वर जाईल. पेलाभर पाणी मधल्या कप्प्यात ठेवा, थर्मामीटर पाण्यात बुडवा, रात्रभर राहू द्या आणि सकाळी दार पहिल्यांदा उघडताच वाचा. ४ अंश किंवा खाली असेल तर फ्रिजला हात लावू नका. ५-६ असेल तर नॉब एक घर पुढे. ७ किंवा वर असेल तर नॉब फिरवून भागणार नाही. रबर, मागची जाळी आणि आतली गर्दी तपासायची वेळ आली. बंदुकीसारखा इन्फ्रारेड थर्मामीटर या कामाला कुचकामी आहे, तो फक्त पृष्ठभागाचे तापमान घेतो.

नॉबबद्दल एक गैरसमज घट्ट बसला आहे. आकडा मोठा म्हणजे थंडी जास्त, हे खरे. म्हणून उन्हाळ्यात ७ वर ठेवून देतात. सिंगल डोअर डायरेक्ट कूल फ्रिजमध्ये (ज्यातला बर्फ आपणच वितळवायचा असतो) याचा परिणाम उलटा होतो: कॉम्प्रेसर कटऑफ घेतच नाही, फ्रीझरच्या पत्र्यावर बर्फाचा थर चढत जातो, आणि बर्फ हा उष्णतेला अडवणारा थर असल्यामुळे खालचे कप्पे आणखी कोमट होतात. थर ५-६ मिलिमीटर झाला की नॉबच्या मधले डीफ्रॉस्टचे बटण दाबावे. सुरी, उलथने, पेचकस यांनी खरवडू नये. ॲल्युमिनियमच्या पत्र्याला सुईएवढे छिद्र पडले तरी सगळा गॅस जातो, आणि तो पत्रा दुरुस्त करण्यापेक्षा पूर्ण बदलावा लागतो.

स्टॅबिलायझर: कोणाला लागतो, कोणाला नाही

सगळ्यात जास्त आग्रह याचाच होतो, आणि अर्धी घरे तो विनाकारण घेतात.

नवीन इन्व्हर्टर कॉम्प्रेसरच्या फ्रिजवर ‘स्टॅबिलायझरशिवाय चालतो’ असे लिहिलेले असते. त्याच्या शेजारी व्होल्टेजची मर्यादाही छापलेली असते, आणि वाचायची तीच. तुमच्या घरी संध्याकाळी सात ते दहाच्या दरम्यान येणारा व्होल्टेज त्या मर्यादेत बसत असेल तर वेगळा स्टॅबिलायझर घेऊ नका. तो स्वतःही चोवीस तास थोडी वीज खातो. पाच वॅट धरले तरी महिन्याला साडेतीन युनिट. व्होल्टेज मोजायला इलेक्ट्रिशियनचा मल्टीमीटर पुरतो. मात्र मोजणी दुपारी करून उपयोग नाही, वाड्यावरचे पंप, एसी आणि दिवे एकदम चालू असताना करावी.

जुन्या, साध्या कॉम्प्रेसरच्या फ्रिजला मात्र स्टॅबिलायझर लागतोच. कमी व्होल्टेजवर मोटर सुरू होताना अडखळते, करंट जास्त ओढते आणि वाइंडिंग तापते. मग ओव्हरलोड प्रोटेक्टर तोडतो, थंड झाला की पुन्हा जोडतो. दर दोन-चार मिनिटांनी मागून येणारा ‘टक’ आवाज तो हाच. असा आवाज आठवडाभर चालू दिला तर शेवटी कॉम्प्रेसर जातो. हाच आवाज व्होल्टेज ठीक असतानाही येत असेल तर रिले किंवा ओव्हरलोड बदलून पाहावा. दोन्ही भाग स्वस्त आहेत आणि बदलायला अर्धा तास लागतो. ते न पाहताच ‘कॉम्प्रेसर गेला’ म्हणणाऱ्याला नमस्कार करावा.

घेताना तीन गोष्टी पाहाव्यात. ३०० लिटरपर्यंतच्या फ्रिजला अर्धा केव्हीए पुरतो. मोठा घेतल्याने फ्रिज जास्त चालत नाही. चालताना फ्रिज शंभर-दीडशे वॅट घेतो, सुरू होताना क्षणभर त्याच्या पाच ते आठ पट करंट ओढतो, आणि तेवढा भार अर्ध्या केव्हीएचे चांगले यंत्र सहन करते. दुसरी, टाइम डिले: वीज परत आल्यावर सुमारे तीन मिनिटे थांबूनच फ्रिजला पुरवठा मिळाला पाहिजे. कॉम्प्रेसर बंद पडताना एका बाजूला जास्त दाब, दुसऱ्या बाजूला कमी असतो. तो सारखा होण्याआधी पुन्हा सुरू केले तर मोटर अडकते. वळवाच्या पावसात वीज दहा मिनिटांत चार वेळा येते-जाते, तेव्हा हा एक गुण बाकीच्या सगळ्या गुणांवर भारी आहे. तिसरी, हाय कट. वादळात माडाची झावळी तारांवर पडून न्यूट्रलची तार तुटली, किंवा खाऱ्या हवेने खाल्लेला न्यूट्रलचा जोड सुटला, तर घरात २३० ऐवजी ४०० च्या जवळपास व्होल्टेज येऊ शकतो. हाय कट असेल तर स्टॅबिलायझर मरतो किंवा तोडतो, फ्रिज वाचतो.

विजेच्या कडकडाटापासून मात्र स्टॅबिलायझर वाचवत नाही, दुकानदाराने काहीही सांगितले तरी. त्याचा रिले मिलिसेकंदांत हलतो आणि वीज पडल्याचा झटका मायक्रोसेकंदांत येऊन जातो. इन्व्हर्टर फ्रिजचा महागडा बोर्ड याच झटक्याने जळतो. उपाय दोन: ढग गडगडू लागले की प्लग काढणे, किंवा मुख्य वितरण बॉक्समध्ये सर्ज प्रोटेक्शन डिव्हाइस बसवणे. दुसरा उपाय अर्थिंग चांगले असेल तरच काम करतो. आणि इथे चिऱ्याची जमीन आडवी येते: जांभा दगड उन्हाळ्यात सुकला की अर्थिंगचा रोध वाढतो. फ्रिजच्या दांड्याला हात लावल्यावर मे महिन्यात बारीक मुंग्या येतात आणि पाऊस पडला की बंद होतात, तर दोष फ्रिजपेक्षा अर्थिंगच्या खड्ड्यात शोधा. खड्ड्यात पाणी ओतून तात्पुरते भागते. खरे काम इलेक्ट्रिशियनकडून रोध मोजून घेण्याचे.

स्टँड, कव्हर, मॅट

चाकांचा स्टँड घ्यायला हरकत नाही, पण चाके टाळून उंच पायांचा घेतलेला बरा. पावसाळ्यात फरशी ओलसर राहते, खालून झाडता येते, उंदरांनी वायर कुरतडली तर दिसते. लोखंडी पाइपचा स्टँड पावडर कोटिंग तडकले की दोन पावसाळ्यांत गंजतो, म्हणून जाड प्लास्टिकचा. बसवल्यावर फ्रिज किंचित मागे झुकलेला हवा, म्हणजे अर्धवट सोडलेले दार आपोआप लागते. ज्या सिंगल डोअर फ्रिजला खाली कांद्या-बटाट्याचा ड्रॉवर आहे, त्याला स्टँडची गरजच नाही.

कव्हर नको. वरून झाकणारे, दोन्ही बाजूंना खिसे लोंबणारे कापडी कव्हर तर मुळीच नको. हल्लीच्या बहुतेक फ्रिजमध्ये मागे काळी जाळी दिसत नाही. उष्णता बाहेर टाकणारी नळी दोन्ही बाजूंच्या पत्र्याआड फिरवलेली असते. म्हणून बाजू हाताला गरम लागतात, आणि ते बरोबर आहे. त्यावर जाड कापड टाकणे म्हणजे मे महिन्यात फ्रिजला गोधडी पांघरणे. बाजूला ५ सेंटिमीटर, मागे १०, वर किमान १५ सेंटिमीटर मोकळी जागा सोडा. मॉड्युलर किचनच्या फळ्यांत ठोकून बसवलेले फ्रिज याच कारणाने वर्षभर धापा टाकतात. पश्चिमेच्या भिंतीला टेकवलेल्या फ्रिजची तीच गत, संध्याकाळी भिंत तापलेली असते.

मॅटचे दोन प्रकारे पाहावे. काचेच्या कप्प्यावर ती निरुपद्रवी, पुसायला सोपी. तारेच्या कप्प्यावर ती हवेची वाट बंद करते, वरचे गोठते आणि खालचे आंबते.

वास शोषणारी कोळशाची पिशवी किंचित काम करते. गालमो, सुके बांगडे किंवा सुकट फ्रिजमध्ये ठेवत असाल तर पिशवीचे पैसे रबरी कडेच्या झाकणाच्या डब्यात घाला.

दाराचे रबर

गॅस्केट हा गोव्यातल्या फ्रिजचा सगळ्यात दुर्लक्षित भाग आहे. जिथे वर सांगितलेली २७ ग्रॅमची हवा आत शिरते ती फट इथलीच. तपासणी नोटेने करतात हे अनेकांना माहीत असते, पण एकाच जागी करून थांबतात. आठ जागी करा: चार कोपरे आणि चार बाजूंचे मध्य. नोट दारात धरून ओढताना अडली पाहिजे. भरलेल्या बाटल्यांच्या भाराने दार बिजागरीवर खचू शकते. दार खचले असेल तर रबर बदलून उपयोग नाही, आधी बिजागरी कसावी.

रबर नुसते आकसले किंवा वळले असेल तर काढून दहा मिनिटे गरम पाण्यात ठेवले की पुन्हा मऊ होते, मग खाचेत बसवून दार रात्रभर बंद ठेवायचे. फाटले असेल तर नवीन घ्या, पण मॉडेल नंबर सांगून साच्यातले मागवा. मापाने पट्टी कापून कोपऱ्यात चिकटवलेले रबर स्वस्त पडते आणि कोपऱ्यातच उघडते. आमच्या मते ते पैसे वाया.

काळी बुरशी काढायला साबणाचे कोमट पाणी आणि जुना टूथब्रश. ब्लीच वापरू नये, पीव्हीसी कडक होऊन तडकते. धुतल्यावर कोरडे पुसणे महत्त्वाचे, नाहीतर आठवड्याभरात बुरशी परत. पावसाळ्यात दाराच्या चौकटीवर बाहेरून दव येते ते बहुधा बिघाडाचे लक्षण नसते: आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर गेली की येणारच. काही मॉडेलांत ते रोखायला चौकटीत हीटर असतो आणि ‘एनर्जी सेव्हर’ बटणाने तो बंद होतो. जूनमध्ये ते बटण पाहून घ्या.

जाळी आणि ट्रे

मागे जाळी दिसणाऱ्या फ्रिजला लांब केसांचा ब्रश एवढीच खरेदी. कळंगुट, कोलवा, वास्कोसारख्या किनारी भागात तीन महिन्यांतून एकदा, सत्तरी-डिचोलीकडे सहा महिन्यांतून एकदा पुरे. किनाऱ्यावर नुसता ब्रश पुरत नाही: मीठ हवेतली ओल ओढते, ओलीवर धूळ चिकटते आणि खाली लोखंड गंजते. म्हणून प्लग काढून, ब्रश मारून, ओल्या फडक्याने पुसून, कोरडे करून मगच चालू करावे. उघडे पडलेले लोखंड दिसले तर त्या ठिपक्यावर रंगाचा पातळ हात; सगळ्या जाळीवर जाड रंग चढवू नये.

कॉम्प्रेसरच्या वर एक प्लास्टिकचा ट्रे असतो, डीफ्रॉस्टचे पाणी त्यात पडून उडून जाते. दमट महिन्यांत ते उडत नाही, साचते. डेंग्यूचा एडिस डास नेमक्या अशा स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा-दहा दिवस लागतात. आठवड्यातून एकदा ट्रे ओता आणि घासून पुसा, कारण अंडी कडेला चिकटून राहतात.

फ्रॉस्ट फ्रीमध्ये, म्हणजे बर्फ आपोआप वितळवणाऱ्या फ्रिजमध्ये, भाजीच्या पेटीखाली पाणी साचत असेल तर ट्रेकडे जाणारे भोक तुंबले आहे. इंजेक्शनची सुई नसलेली सिरिंज घेऊन कोमट पाणी दोन-तीनदा दाबून सोडा. यासाठी मेकॅनिकला भेटीचे पैसे देऊ नका.

पुरुमेंत आणि फ्रीझर

यांत्रिक मासेमारीवर १ जून ते ३१ जुलै बंदी असते, आणि हल्ली पुरुमेंतात (पावसाळ्यासाठीच्या साठवणीत) सुक्या मासळीच्या जोडीला फ्रीझरमध्ये विसवण (सुरमई), सुंगटे (कोळंबी) ठेवायची पद्धत पडली आहे. इथे फ्रीझरच्या दारावर किंवा आत चौकोनात छापलेले तारे पाहावेत. वीज बचतीच्या लेबलावरच्या ताऱ्यांशी यांचा संबंध नाही. एक तारा म्हणजे उणे ६ अंश, दोन म्हणजे उणे १२, तीन म्हणजे उणे १८. मासळी दोन महिने ठेवायची तर उणे १८ हवेच. एक-दोन ताऱ्यांच्या सिंगल डोअर फ्रीझरमध्ये जूनची मासळी जुलैअखेर खाण्यालायक राहणार नाही, हाताला ती बर्फासारखी कडक लागली तरी.

दुसरी चूक एकदम भरण्याची. एक किलो मासळी ३० अंशांवरून उणे १८ वर न्यायला सुमारे ४०० किलोज्यूल उष्णता काढावी लागते. पाच किलो म्हणजे दोन हजार. घरचा फ्रिज सेकंदाला १०० ज्यूल उपसतो असे धरले तर फक्त या मासळीसाठी साडेपाच तास, आणि तोवर आधीच्या सामानाला वाली कोण? रोज एक-दीड किलो भरा. तुकडे धुऊन, निथळून, पिशवीत दोन-तीन सेंटिमीटर जाडीचे सपाट थर करा आणि पत्र्याला टेकवून ठेवा. गोळा करून ठेवलेली पिशवी मधोमध गोठायला दुपटीहून जास्त वेळ घेते. क्विक फ्रीझचे बटण असेल तर मासळी आत जाण्याआधी काही तास दाबावे. नंतर दाबले तर निम्मा फायदा गेला.

रिकाम्या जागेत पाण्याच्या बाटल्या गोठवून ठेवा, वर दोन बोटे जागा सोडून. वीज गेल्यावर दार बंद राहिले तर खालचे कप्पे साधारण चार तास टिकतात, गच्च भरलेला मोठा फ्रीझर दोन दिवसांपर्यंत, अर्धा भरलेला एक दिवस. सिंगल डोअरच्या छोट्या फ्रीझरने एवढी अपेक्षा करू नये. नारळाच्या रसाचे हुमण (माशाची आमटी) आणि सोलकढी आधी संपवा. गरम हुमण फ्रिजमध्ये लोटू नका, पण ३२ अंशांच्या वरच्या उकाड्यात ते तासाभराहून जास्त बाहेरही ठेवू नका. भांडे पाण्याच्या परातीत ठेवून ढवळले की लवकर निवते.

घरचा बॅटरी इन्व्हर्टर साइन वेव्हचा असेल तरच फ्रिज त्यावर चालवावा. स्क्वेअर वेव्हवर कॉम्प्रेसर तापतो.

‘गॅस टॉप-अप’ आणि सर्व्हिस

या सगळ्या यादीतली ही सेवा सगळ्यात महाग आणि सगळ्यात संशयास्पद. फ्रिजची नळी बंदिस्त असते. गॅस वापरून संपत नाही; कमी झाला असेल तर गळती आहे. गळती न शोधता गॅस भरणारा माणूस तुम्हाला पुढच्या उन्हाळ्याचे गिऱ्हाईक करून जातो.

मेकॅनिकला बोलावण्याआधी लक्षणे पाहा. फ्रीझर कडक थंड, खाली कोमट, आणि फ्रिज फ्रॉस्ट फ्री: आतल्या जाळीवर बर्फ साचला आहे, म्हणजे डीफ्रॉस्ट हीटर, बायमेटल किंवा फ्यूज यांपैकी काहीतरी गेले. गॅसचा संबंध नाही. चोवीस तास फ्रिज बंद करून, दार उघडे ठेवून पूर्ण वितळू दिला आणि नंतर काही दिवस नीट चालला, तर निदान पक्के. पंख्याचा आवाज येत नसेल तर पंखा. बाजू किंवा जाळी खूप गरम आणि थंडी कमी असेल तर धूळ आणि जागा. कॉम्प्रेसर न थांबता चालतो, जाळी जेमतेम कोमट, आणि फ्रीझरच्या पत्र्याच्या एका कोपऱ्यातच दव जमते: तेव्हा गॅस कमी असल्याचा संशय रास्त.

नव्या फ्रिजमध्ये आर-६००ए, म्हणजे आयसोब्यूटेन असतो. फ्रिजवरच्या माहितीच्या प्लेटवर त्याचे वजन लिहिलेले असते, घरगुती फ्रिजमध्ये बहुधा शंभर ग्रॅमच्या आत. तो ज्वालाग्राही आहे, म्हणून बंद स्वयंपाकघरात, गॅसची शेगडी चालू असताना हे काम होऊ देऊ नका. दुसरी बाब गोव्यात जास्त नडते. हा गॅस थंड बाजूला वातावरणाहून कमी दाबावर चालतो, त्यामुळे त्या बाजूला गळती झाली की गॅस बाहेर जाण्याबरोबर बाहेरची दमट हवा आत ओढली जाते. ते पाणी केशनळीच्या तोंडाशी गोठते आणि वाट अडवते: फ्रिज काही तास थंड करतो, मग करत नाही, वितळले की पुन्हा करतो. मेकॅनिक याला मॉइश्चर चोकिंग म्हणतात. फिल्टर ड्रायर (नळीतली ओल शोषणारा फिल्टर) न बदलता भरलेल्या गॅसचे हेच होते.

म्हणून काम असे व्हायला हवे: नायट्रोजनचा दाब देऊन साबणाच्या फेसाने गळती शोधणे, जोड ब्रेझिंगने किंवा लॉकरिंगने बंद करणे, नवीन फिल्टर ड्रायर, व्हॅक्यूम पंप किमान अर्धा तास, मग प्लेटवरच्या वजनाइतका गॅस काट्यावर मोजून. फ्रिजचाच कॉम्प्रेसर चालवून ‘व्हॅक्यूम’ करणारे आहेत, त्यांना थांबवा. अंदाजाने भरला आणि जास्त झाला तर परतीच्या नळीवर कॉम्प्रेसरपर्यंत बर्फ चढतो.

किनारी घरांत गळती बहुधा दाराच्या चौकटीतून फिरणाऱ्या नळीत किंवा बाजूच्या भिंतीतल्या नळीत निघते. ती फोममध्ये गाडलेली असते, काढता येत नाही. तेव्हा ती वगळून मागे नवीन जाळी जोडतात. हे काम प्रामाणिक आहे, फ्रिज काही वर्षे चालतो. फक्त चौकटीची नळी वगळली की पावसाळ्यात दाराच्या कडेला घाम येणार, हे मेकॅनिकने आधी सांगायला हवे. दहा-बारा वर्षांच्या फ्रिजवर एवढा खर्च करण्यापेक्षा नवीन घ्यावा. घेताना प्लेटवर क्लायमेट क्लास पाहावा: एसटी ३८ अंशांपर्यंत, टी ४३ पर्यंत. हवेशीर खोलीला एसटी चालतो, बंद स्वयंपाकघरात टीच घ्या. ‘कॉम्प्रेसरवर १० वर्षे वॉरंटी’ या ओळीत गॅस, फिल्टर आणि मजुरी आहे का, ते कार्डावर वाचून घ्यावे; रबर, काच, प्लास्टिक तर बहुधा नसतेच.

वर्षाचा कॉन्ट्रॅक्ट वॉरंटी संपलेल्या फ्रॉस्ट फ्रीसाठी ठीक, डायरेक्ट कूलसाठी बहुतेकदा तोट्याचा, कारण त्यात बिघडण्यासारखे भागच कमी. करायचाच असेल तर दोन भेटींचे महिने कागदावर लिहून घ्या, पहिली मेच्या मध्यात आणि दुसरी चवथीच्या आधी. प्रत्येक भेटीत जाळीची सफाई, निचऱ्याचे भोक, ट्रे, आठ जागी रबर आणि रिले-ओव्हरलोडची तपासणी करायची, असेही त्यावर लिहा. गॅस भरला तर बिलावर गॅसचे नाव, ग्रॅममधले वजन आणि गळती कुठे सापडली ते लिहिल्याशिवाय सही करू नका.